घरगुती जनित्राची निवड : जागा, भार आणि इंधन

वादळी पावसाच्या दिवसांत विद्युत पुरवठा खंडित झाला म्हणजे घरातील केवळ दिवेच मालवतात असे नाही. टाकीत पाणी चढत नाही, शीतकपाटातील औषधे खराब होऊ लागतात, परीक्षेस बसलेल्या मुलांचा अभ्यास थांबतो आणि मोबाइल बंद पडल्यामुळे मदतीसाठी निरोप पाठविणेही कठीण होते. यास्तव कोकणातील वाडीपासून भोपाळसारख्या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपर्यंत अनेक जण घरासाठी लहान जनित्र घेण्याचा विचार करीत असतात. पेट्रोलवर, एलपीजीवर अथवा नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालणारी अशी जनित्रे बाजारात सहज मिळतात. मात्र ती निवडताना किंमत आणि क्षमता यांचीच चौकशी होते. यंत्र कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न बहुधा खरेदीनंतर विचारला जातो. वास्तविक तो सर्वप्रथम विचारावयास हवा.

याचे कारण एका दुःखद घटनेवरून स्पष्ट होईल. जुलै २०२१ मध्ये चंद्रपूर शहरालगतच्या दुर्गापूर येथे रात्री वीज गेल्यामुळे एका कुटुंबाने घरातच जनित्र सुरू केले आणि सर्व जण झोपी गेले. जनित्राच्या धुरातील विषारी वायू घरात कोंडला आणि त्या एकाच कुटुंबातील सहा जणांचा मृत्यू झाला. महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक विद्युत केंद्र ज्या परिसरात आहे, तेथेच ही दुर्घटना घडली. वीज निर्माण होते त्या ठिकाणीही ती अधूनमधून जाते, आणि त्या थोड्या वेळासाठी केलेली सोय जिवावर बेतू शकते, हे यावरून ध्यानात यावे. घरगुती जनित्राची निवड कोणत्या क्रमाने करावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

जनित्राची खरोखरच गरज आहे काय?

वीज जाण्याचे दोन प्रकार मानता येतील. पहिला प्रकार तास-दोन तासांचा. वाहिनीवर फांदी पडणे, फ्यूज उडणे, दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवणे ही त्याची नेहमीची कारणे होत. दुसरा प्रकार दीर्घकाळचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे हजारो खांब कोसळले आणि अनेक गावांना दीर्घकाळ अंधारात राहावे लागले.

पहिल्या प्रकारासाठी जनित्राची आवश्यकता नसते. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत नाममात्र १.८ युनिट वीज साठते. बॅटरी पूर्ण रिकामी करावयाची नसल्याने व इन्व्हर्टरमध्ये काही वीज खर्ची पडत असल्याने प्रत्यक्षात त्यांपैकी सुमारे सव्वा युनिटपेक्षा थोडी कमी वीज हाती येते. चार दिवे, तीन पंखे आणि दूरदर्शन संच यांना ती सुमारे तीन तास पुरते. इन्व्हर्टरला धूर नाही, आवाज नाही आणि इंधनाचा साठाही लागत नाही. म्हणून ज्या घरी वीज सहसा दोन-तीन तासांच्या आत परत येते, त्या घरी इन्व्हर्टर हाच योग्य पर्याय होय.

काही घरांच्या छतावर सौर संच बसविलेले असतात. परंतु बॅटरी नसलेला आणि वीज वाहिनीला जोडलेला सौर संच पुरवठा खंडित होताच आपोआप बंद होतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ही योजना केलेली असते. सौर संच आहे म्हणजे वीज गेल्यावरची सोय झाली, असा समज करून घेऊ नये.

प्रथम जागेचा विचार

इंधन कोणतेही असो, ते इंजिनात जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. गॅसवरील इंजिनाचा धूर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो निर्धोक आहे असे अनेकांस वाटते. हा समज घातक आहे. या वायूला रंग नाही व वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूकडे ओढले जाते. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, हातापायांतील शक्ती जाणे ही प्रारंभीची लक्षणे होत. झोपेतील माणसाला तीही जाणवत नाहीत. लहान जनित्रांच्या या धुरामुळे अमेरिकेत दरवर्षी सुमारे शंभर माणसे मृत्यू पावतात, असा तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे.

विषारी वायू रात्री घरात शिरणे म्हणजे काय, हे भोपाळच्या रहिवाशांस सांगावयास नको. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट डोळ्यांना व घशाला झोंबणारा होता. त्या जळजळीने लोक जागे होऊन घराबाहेर धावले, तरीही हजारो माणसे दगावली. कार्बन मोनॉक्साइड तेवढीही सूचना देत नाही. ज्यापासून माणसाला जाग येत नाही, त्याला घराच्या जवळ येऊच न देणे हा एकच खात्रीचा उपाय आहे.

यासाठी जनित्र नेहमी उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर म्हणजे सुमारे वीस फूट दूर ठेवावे. धुराची नळी घराच्या व शेजाऱ्यांच्याही विरुद्ध दिशेला असावी. पडवी, गोठा, जिन्याखालची जागा, बंदिस्त गॅलरी आणि दार उघडे ठेवलेली खोली या सर्व जागा वर्ज्य समजाव्यात. खिडकी उघडली किंवा पंखा लावला म्हणजे धोका टळतो, असे नाही. पावसापासून यंत्राचे रक्षण करण्यासाठी वर छप्पर असावे, पण चारही बाजू मोकळ्या असाव्यात.

खेड्यातील घराला परसदार असते, त्यामुळे तेथे सहा मीटरचे अंतर सहज साधते. शहरात हीच मोठी अडचण ठरते. उदाहरणार्थ, भोपाळ येथील महाराणा प्रताप नगर हा भाग घ्यावा. झोन १ व झोन २ अशा दोन विभागांत वसलेली ही शहरातील गजबजलेली व्यापारी वस्ती असून दुकाने, बँका, कार्यालये आणि शिकवणी वर्ग यांची तेथे दाटी आहे. अशा वस्तीतील इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला जनित्र ठेवावयाचे झाल्यास कोणत्या जागा संभवतात, ते पाहू.

गॅलरी : येथून धूर थेट खोलीत येतो आणि वरच्या मजल्यावरील खिडक्यांतही शिरतो. ही जागा सर्वथा अयोग्य होय.

वाहनतळ : तो इमारतीखाली किंवा तळघरात असल्यास धूर कोंडतो व जिन्यावाटे वर चढतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तळघरात गळती झाल्यास वायू जमिनीलगत साचून राहतो व एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. ही जागाही अयोग्य होय.

गच्ची : ती मोकळी असते; परंतु जिन्याच्या खोलीचे दार, पाण्याच्या टाक्यांची आडोशाची जागा आणि शेजारच्या उंच इमारतीच्या खिडक्या यांच्यापासूनचे अंतर मोजून पाहावे लागते. शिवाय इंधन वर नेण्याचा प्रश्न उरतोच. अंतर पुरेसे भरल्यासच गच्चीचा विचार करावा.

पदपथ : ही सार्वजनिक जागा आहे. तेथे यंत्र ठेवण्याचा अधिकार कोणास नाही, आणि धुराचा त्रास पादचाऱ्यांना व खालच्या दुकानदारांना होतो.

यांपैकी एकही जागा योग्य न ठरल्यास स्वतंत्र जनित्र घेऊ नये. अशा कुटुंबाने इन्व्हर्टरवर भागवावे किंवा इमारतीतील सर्व रहिवाशांनी मिळून एकच सामायिक जनित्र बसवावे. सामायिक जनित्राची धुराची नळी इमारतीच्या माथ्यापेक्षा किती उंच असावी, यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र आहे. जनित्राची क्षमता केव्हीएमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्यास ०.२ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे इमारतीच्या उंचीवर द्यावयाची जादा उंची, मीटरमध्ये. पंचवीस केव्हीएचे जनित्र असल्यास वर्गमूळ पाच. पाच गुणिले ०.२ म्हणजे एक मीटर.

भाराचा हिशेब

जागा निश्चित झाल्यावर क्षमतेकडे वळावे. वीज गेल्यावर घरातील सर्व उपकरणे चालवावयाची नसून केवळ निकडीची चालवावयाची असतात, हे येथे पक्के लक्षात ठेवावे. इस्त्री, गीझर आणि वातानुकूलन यंत्र यांना यादीतून वगळावे. प्रत्येक उपकरणाच्या पट्टीवर त्याचे वॅट छापलेले असतात. एका साधारण कुटुंबाची यादी पुढीलप्रमाणे होईल.

एलईडी दिवे ४, प्रत्येकी ९ वॅट : ३६ वॅट
छताचे पंखे ३, प्रत्येकी ७५ वॅट : २२५ वॅट
दूरदर्शन संच १ : ८० वॅट
मोबाइल चार्जर व राउटर : ३० वॅट
शीतकपाट १ : १५० वॅट
एकूण : ५२१ वॅट

ही बेरीज पाहून सहाशे वॅटचे जनित्र आणल्यास ते बहुधा निरुपयोगी ठरेल. ज्या उपकरणात मोटर असते, ते सुरू होताना क्षणभर नेहमीच्या तीन ते पाच पट शक्ती ओढते. शीतकपाटाला त्या क्षणी चौपट म्हणजे ६०० वॅट लागतील असे धरू. इतर उपकरणांचे ३७१ वॅट त्यात मिळविल्यास ९७१ वॅट होतात. जनित्राची क्षमता केव्हीएमध्ये दिलेली असल्यास तिला ०.८ ने गुणून वॅट काढणे सुरक्षित असते. एक केव्हीएचे जनित्र ८०० वॅट देईल. ते अपुरे पडेल. दीड केव्हीएचे जनित्र १,२०० वॅट देईल; ते पुरेसे होईल.

आता याच घरी अर्ध्या अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालवावयाचा आहे असे समजू. चालू असताना तो सुमारे ६०० वॅट घेतो. सुरू होताना त्याला २,४०० वॅटपर्यंत शक्ती लागू शकते. बाकी सर्व उपकरणे बंद ठेवून पंप लावला, तरी तीन केव्हीएचे यंत्र हवे. म्हणजे दिवसातून पंधरा-वीस मिनिटांच्या कामासाठी यंत्राची क्षमता दुप्पट करावी लागते. त्यापेक्षा गच्चीवर मोठी टाकी बसवून वीज असताना ती भरून ठेवणे अधिक शहाणपणाचे आणि स्वस्त ठरते.

गरजेपेक्षा फार मोठे यंत्र घेणेही हिताचे नाही. भार अगदी कमी असला तरी इंजिनाला फिरत राहण्यासाठी इंधन लागतेच. यास्तव नेहमीचा भार क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून थोडा अधिक असावा. उंचीमुळे हवा विरळ होते व इंजिनाची शक्ती घटते. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवरील भोपाळमध्ये ही घट पाच टक्क्यांच्या आसपास धरावी. संगणकासारखी नाजूक उपकरणे चालवावयाची असल्यास इन्व्हर्टर पद्धतीचे जनित्र घ्यावे; त्याचा विद्युत दाब स्थिर राहतो.

इंधनाची निवड

पेट्रोल : सर्वत्र मिळते आणि यंत्रही तुलनेने स्वस्त असते. लहान जनित्रात एक लिटर पेट्रोलपासून चांगल्या भारावर सुमारे दीड ते दोन युनिट वीज मिळते. भार कमी असल्यास एक युनिटच हाती येते. ही वीज घरगुती दराच्या कित्येक पट महाग पडते, म्हणून ती केवळ आणीबाणीसाठीच समजावी. पेट्रोल काही महिन्यांत खराब होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरते. साठा थोडा ठेवावा, तोही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात व राहत्या खोल्यांपासून दूर. यंत्र चालू किंवा गरम असताना टाकीत इंधन कधीही ओतू नये.

एलपीजी : सिलिंडरमधील गॅस दीर्घकाळ खराब होत नाही. वर्षातून चार-दोन वेळाच लागणाऱ्या जनित्रासाठी हा मोठा गुण होय. एक किलो गॅसपासून चांगल्या भारावर सुमारे दोन युनिट वीज मिळते. पेट्रोलच्या तुलनेत यंत्राची शक्ती सुमारे दहा टक्क्यांनी घटते. येथे एक दक्षता आवश्यक आहे. स्वयंपाकासाठी मिळणारा १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर जनित्राला जोडणे नियमबाह्य आहे. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. तो उभा, सावलीत व यंत्रापासून अंतरावर ठेवावा. रेग्युलेटर व नळी यंत्राच्या निर्मात्याने सांगितलेलीच वापरावी आणि गळतीची तपासणी साबणाच्या पाण्याने करावी, काडी पेटवून नव्हे.

नळाचा नैसर्गिक वायू : साठ्याची चिंता नसते. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने उघड्यावर गळती झाल्यास वर निघून जातो. यंत्राची शक्ती मात्र एलपीजीपेक्षाही कमी मिळते. स्वयंपाकघरातील नळीला स्वतःहून जोड देऊ नये; गॅस वितरण कंपनीची लेखी संमती घेऊन तिच्याच तंत्रज्ञाकडून जोडणी करून घ्यावी.

गोबर गॅस : ज्या शेतकऱ्याकडे सयंत्र आहे, त्याने याचाही विचार करावा. एक घनमीटर गोबर गॅसपासून सुमारे दीड युनिट वीज मिळू शकते. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि त्याचा गॅस बहुतेक स्वयंपाकातच संपतो. म्हणून जनित्रासाठी मोठे सयंत्र व भरपूर जनावरे हवीत. या वायूतील हायड्रोजन सल्फाइड इंजिनाचे भाग खातो. तो लोखंडाच्या किसाच्या गाळणीतून काढून टाकणे जरूर असते.

जोडणी : दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न

जनित्राची तार घरातील प्लगमध्ये खुपसून सर्व घराला वीज देण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. यासारखा दुसरा धोका नाही. मुख्य स्विच चालू राहिल्यास ती वीज मीटरमधून उलट बाहेर जाते. रोहित्र ज्याप्रमाणे उच्च दाब कमी करते, त्याचप्रमाणे उलट दिशेने आलेला कमी दाब ते वाढविते. घरातील २३० व्होल्टची वीज अशा रीतीने वाहिनीवर हजारो व्होल्ट होऊन पोहोचते. त्याच वेळी आपला पुरवठा पूर्ववत व्हावा म्हणून भर पावसात खांबावर चढलेल्या वायरमनचा हात त्या तारेवर असतो.

हे टाळण्यासाठी चेंजओव्हर स्विच बसविणे अनिवार्य समजावे. या स्विचमुळे घर एका वेळी वाहिनीला किंवा जनित्राला, यांपैकी एकालाच जोडलेले राहते. जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी. तीन केव्हीएच्या यंत्रातून सुमारे तेरा अँपिअर प्रवाह वाहतो. तारेची जाडी त्या मानाने असावी. जनित्राला योग्य भूयोजन म्हणजे अर्थिंग द्यावे आणि धक्क्यापासून संरक्षण देणारा आरसीसीबी बसवावा. मोठ्या क्षमतेचे सामायिक जनित्र बसविण्यापूर्वी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाकडे नियमांची चौकशी करावी.

खरेदीच्या वेळी

केंद्र शासनाने ३ नोव्हेंबर २०२२ रोजी जनित्रांच्या धुरासंबंधी नवी मानके अधिसूचित केली असून ती १ जुलै २०२३ पासून लागू झाली आहेत. खरेदी करताना यंत्रावर या मानकांनुसार मान्यतेची पट्टी आहे किंवा नाही हे पाहावे. डिझेल जनित्राच्या आवाजाची मर्यादा आवरणापासून एक मीटर अंतरावर ७५ डेसिबल आहे. इतर इंधनांच्या यंत्राबाबतही आवाजाचा आकडा विक्रेत्यास विचारावा. यादीतील भार प्रत्यक्ष जोडून यंत्र चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. सुटे भाग व दुरुस्तीची सोय आपल्या तालुक्याच्या गावी आहे काय, याची खात्री करावी.

यंत्र घरी आल्यावर ते महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे भारासह चालवावे, वंगण तेलाची पातळी पाहावी व पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर तेल बदलावे. दीर्घकाळ वीज नसल्यास जनित्र दिवसा चालवून शीतकपाट थंड करून घ्यावे व इन्व्हर्टरची बॅटरी जमेल तितकी भरावी. रात्री घरातील माणसे झोपल्यावर जनित्र बंद ठेवून दिवे व पंखे बॅटरीवर चालवावेत. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा सूचक झोपण्याच्या खोलीत लावणे इष्ट होय. जनित्र चालू असताना घरातील एकाहून अधिक व्यक्तींचे डोके दुखू लागल्यास दुसरे कारण शोधत बसू नये. सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे, बाहेरून यंत्र बंद करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शाळेतील पाठासाठी

हा विषय शिक्षकांना इयत्ता आठवी ते दहावीच्या विज्ञानात चांगल्या रीतीने घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील उपकरणांवरील वॅटचे आकडे टिपून आणावेत. त्यांपैकी निकडीची उपकरणे कोणती, हे घरातील वडील माणसांना विचारून ठरवावे व वरीलप्रमाणे भाराचा हिशेब मांडावा. त्यानंतर घराचा साधा नकाशा काढून दारे-खिडक्या दाखवाव्यात आणि प्रत्येकीपासून सहा मीटर अंतर प्रमाणात आखावे. या सर्व वर्तुळांच्या बाहेर मोकळी जागा उरते काय, हे नकाशावर लगेच दिसून येईल. ज्या घराच्या नकाशात अशी जागा उरत नाही, तेथे जनित्र नको, असा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी स्वतः काढावा व घरी सांगावा. ग्रामपंचायतींनीही पावसाळ्यापूर्वीच्या सभेत हा नकाशाचा प्रयोग दाखविल्यास गावातील जनित्रे कोठे ठेवली आहेत, याची पाहणी आपोआपच होईल.

वीज गेलेली रात्र गैरसोयीची असते, पण ती सरते. जनित्र त्या रात्रीपुरते साहाय्य करणारे यंत्र आहे. त्याची जागा अंगणात आहे, घरात नाही, एवढे प्रत्येक कुटुंबाने पाळले तरी त्याच्या निवडीतील सर्वांत महत्त्वाचा भाग पूर्ण झाला असे म्हणता येईल.